कीर्तनाचे ध्वनिमुद्रण : निरूपण आणि गजर दोन्ही सांभाळण्यासाठी रेकॉर्डरचा गेन किती ठेवावा?

नीरातीर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तने चांगल्या दर्जाची ध्वनिमुद्रित करून जपून ठेवावीत, असे गावातील मंडळींच्या मनात आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे. यंत्र झूम एच५ आहे. त्यावर एक्स-वाय पद्धतीने बसवलेले दोन माइक आहेत, आणि बाहेरचा माइक किंवा मिक्सर जोडण्यासाठी खाली दोन इनपुट आहेत. सध्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल घेतो. ऑटो लेव्हल (आवाजाप्रमाणे गेन आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद आहे.

पहिली अडचण अशी की, महाराजांचे निरूपण चालू असताना मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (येणारा आवाज यंत्राने किती वाढवून घ्यावा ते ठरवणारा नॉब) ठेवला, तर ते ऐकायला सुरेख वाटते. परंतु निरूपण संपून टाळकऱ्यांनी गजर उचलला की मीटर थेट शून्याला भिडते, लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. गजर फाटणार नाही इतका गेन खाली आणला, तर निरूपणाचे मीटर उणे ३०–३५ च्या वर येत नाही, आणि नंतर संगणकावर आवाज वाढवला की त्याच्याबरोबर मागची घरघरही वाढते. प्रत्येक गजराच्या आधी नॉब फिरवत बसणे हा एक उपाय झाला, परंतु महाराज गजर केव्हा उचलतील हे आधी कळत नाही, आणि फाइलमध्ये आवाजाची ती चढउतार कानाला खटकते.

दुसरी अडचण मिक्सरची आहे. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून तार घेऊन ती रेकॉर्डरच्या इनपुटला जोडली, तेव्हा मीटर उणे ८ च्या वर कधीच गेले नाही, तरीही महाराजांचा आवाज चढला की तो फाटलेलाच येत होता. मीटर धोक्याच्या खाली असताना आवाज कसा फाटतो, हे कोणी समजावून सांगेल का?

श्रुतिधर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : गेन गजरासाठी लावावा आणि निरूपण खाली राहिले तर ते खुशाल खाली राहू द्यावे. मात्र त्यासाठी आधी १६ बिट सोडून २४ बिट निवडावे.

डिजिटल मुद्रणात मीटरवरील शून्य हे छत असते. त्याच्या वर आकडाच नसल्यामुळे तेथे पोहोचलेल्या लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि कापलेला भाग नंतर कोणत्याही उपायाने खऱ्या अर्थाने परत मिळत नाही. याउलट खाली राहिलेला आवाज वाढवता येतो. तो किती वाढवता येईल, हे त्याच्याखाली किती शांतता आहे यावर अवलंबून असते. प्रत्येक बिटामागे साधारण ६ डेसिबलची जागा मिळते, म्हणून १६ बिटांची कागदावरची व्याप्ती ९६ डेसिबल होते आणि २४ बिटांची १४४. यंत्रातील इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा गोंगाट त्या १४४ च्या पुष्कळ आधीच आडवा येतो, त्यामुळे तेवढी व्याप्ती हाती कधीच लागत नाही. तरीही २४ बिटांत मुद्रण करताना वर १५–२० डेसिबल जागा मोकळी सोडली, तर खालच्या बाजूला काही गमावल्यासारखे वाटत नाही. ‘मीटर शक्य तितके वर ठेवा’ हा सल्ला कॅसेटच्या काळात योग्य होता, कारण फितीची स्वतःची खसखस बरीच वर असे. तोच सल्ला आजही दिला जातो आणि त्याने पुष्कळ मुद्रणे बिघडतात.

आता घरघरीविषयी. आपण आवाज वाढवल्यावर जी घरघर ऐकू येते, ती यंत्राची नसून मंडपातील पंखे, बाहेरचा जनरेटर आणि बसलेल्या लोकांची कुजबुज यांची असावी, असा माझा अंदाज आहे. हे पडताळणे सोपे आहे. रात्री घराची दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून, रेकॉर्डरवर जाड रजई टाकून त्याच गेनवर मिनिटभर मुद्रण करावे आणि संगणकावर ते मंडपातील मुद्रणाइतकेच वाढवून ऐकावे. तेथे घरघर जवळपास नाहीशी झाली, तर यंत्र निर्दोष आहे असे समजावे. तसे असेल तर हेही लक्षात येईल की, गेन वर ठेवला असता तरी पंख्याची घरघर त्याच प्रमाणात वर आली असती. महाराजांचा आवाज आणि पंखा यांतील अंतर नॉबने तसूभरही बदलत नाही. ते बदलते केवळ माइक कोठे ठेवला आहे त्यावर.

म्हणूनच मी नॉबपेक्षा जागेला अधिक महत्त्व देतो. मोकळ्या जागेत आवाजापासूनचे अंतर निम्मे केले की पातळी ६ डेसिबलने वाढते. मंडपात कनाती, छत आणि कर्ण्यांमुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, तरी दिशा तीच राहते. रेकॉर्डर महाराजांपासून चार मीटरवर श्रोत्यांत ठेवला असेल आणि टाळकरी महाराजांच्या मागे दोन मीटरवर उभे असतील, तर माइकच्या दृष्टीने महाराज चार मीटरवर आणि टाळ सहा मीटरवर. म्हणजे अंतरामुळे महाराजांच्या बाजूने पडणारा फरक जेमतेम साडेतीन डेसिबल. तोच रेकॉर्डर उंच स्टँडवर महाराजांच्या समोर एक मीटरवर आणला, तर टाळ तीन मीटरवर राहतात आणि हा फरक साडेनऊ डेसिबलपर्यंत जातो. निरूपण आणि गजर यांतील ज्या दरीने आपल्याला छळले आहे, ती येथेच सहा डेसिबलने कमी झाली. रेकॉर्डर कर्ण्यांच्या समोर येणार नाही याची काळजी घ्यावी आणि तो पायाखालच्या फळ्यांवर ठेवू नये. पावली सुरू झाली की त्या फळ्या पखवाजापेक्षा जास्त घुमतात. एरवीही ८० हर्ट्झच्या आसपासचा लो कट (त्याखालचे खोल आवाज कापणारी सोय) चालू ठेवावा, कारण जनरेटरची खोल घरघर मीटरवरची जागा विनाकारण खात असते. पखवाजाच्या धुमेचा भरदारपणा जपायचा असेल, तर मात्र हा कट आणखी वर नेऊ नये.

गेन लावण्याची माझी पद्धत सांगतो. कीर्तन उभे राहिल्यावर सुरुवातीला ‘जय जय राम कृष्ण हरी’ हे भजन होते, तेव्हा टाळ-मृदंग पूर्ण साथीला असतात. त्या वेळी मीटरचा सर्वांत उंच टोला उणे १८ च्या आसपास येईल असा नॉब लावावा आणि मग त्याला हात लावू नये. पुष्कळ लोक येथेच उणे ६ धरतात आणि फसतात, कारण सुरुवातीचे भजन संथ असते. शेवटच्या अभंगाला लय चढते, टाळकरी रंगात येतात आणि तेच टाळ सहज सात-आठ डेसिबल वर जातात. शिवाय टाळाचा ठोका हा अत्यंत अणकुचीदार आवाज आहे. त्याचे टोक काही मिलिसेकंदांत येऊन जाते आणि त्या टोकाची उंची आवाजाच्या सरासरी पातळीपेक्षा वीसेक डेसिबलने वर असू शकते. कानाला जो आवाज फार मोठा वाटत नाही, तोच मीटरला लाल करतो, म्हणून टाळाच्या बाबतीत कानावर विसंबून गेन लावू नये. मीटरवर सर्वोच्च टोक काही क्षण टिकून राहते, ते पाहावे.

आपल्या यंत्रात आणखी एक सोय आहे : मुख्य फाइलबरोबरच वरच्या माइकची दुसरी फाइल १२ डेसिबल खालच्या पातळीवर आपोआप नोंदवता येते. मेनूतून ‘बॅकअप’ची ही सोय चालू करून ठेवावी. मुख्य फाइलमध्ये एखादा ठोका फाटलाच, तर तेवढा तुकडा दुसऱ्या फाइलमधून घेऊन, १२ डेसिबलने वाढवून, जागेवर बसवता येतो. ही सोय केवळ वरच्या दोन माइकसाठी आहे. खालच्या इनपुटना ती लागू नाही.

मांडवामागे

मिक्सरच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मंडपाच्या साउंड सिस्टीमचेच काम करतो आणि रेकॉर्डर हातात घेऊन येणाऱ्यांची ही तक्रार दर हंगामात ऐकतो.

मीटर जे दाखवते ते आवाज आकड्यांत उतरल्यानंतरचे असते. त्याआधी तो माइकच्या पडद्यातून, मिक्सरच्या चॅनेलमधून, तारेतून आणि रेकॉर्डरच्या प्रवर्धकातून आलेला असतो. यांपैकी कोणत्याही पायरीवर तो फाटला, तर पुढच्या पायरीवर तो कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो, फक्त लहान दिसतो. आपली फाइल ऑडॅसिटी या संगणकावरील ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून चढ्या आवाजाचा तुकडा मोठा करून पाहावा. लहरींचे माथे शून्यापाशी न कापता उणे ८ पाशीच सारख्या उंचीवर सपाट झालेले दिसले, तर रोग रेकॉर्डरच्या मीटरच्या आधी आहे, हे नक्की झाले.

कोठे आहे ते शोधण्यासाठी हेडफोन मिक्सरला लावून महाराजांचा आवाज ऐकावा. तेथेही फाटत असेल, तर आमच्या माणसाला त्या चॅनेलचा वरचा गेन कमी करून खालचा फेडर (आवाजाची सरकती दांडी) तितकाच वाढवायला सांगावे. घाईत पुष्कळ जण याच्या उलट करतात : वरचा गेन भरपूर उघडतात आणि फेडर तळाशी ठेवतात. कर्ण्यातून आवाज योग्य पातळीचा येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कर्ण्याची थोडी कर्कशता लोकांना सवयीची झालेली असते. ही विनंती कीर्तन उभे राहण्याच्या आधी करावी, कारण मध्येच गेन हलवला तर महाराजांचा मॉनिटर (त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) शिट्टी मारतो आणि मग आपल्या दोघांनाही बोलणी बसतात.

मिक्सरवर आवाज स्वच्छ असेल, तर दोष जोडणीत आहे. एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकमधून, तो तोंडाशी धरून बोलल्यावर, एक-दोन मिलिव्होल्टच्या घरातला विद्युतदाब निघतो. व्यावसायिक मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून मात्र १.२३ व्होल्ट ही सामान्य पातळी असते. हा फरक सहाशे पटींहून अधिक, म्हणजे सुमारे ५६ डेसिबलचा आहे. माइकसाठी बनवलेल्या इनपुटमध्ये हा एवढा दाब शिरला की नॉब तळाशी असला तरी पहिल्या पायरीवरच तो ओसंडून वाहतो. आपल्या एच५ वर खालच्या इनपुटसाठी २० डेसिबल कमी करणारा ‘पॅड’ आहे, तो चालू करावा. तेवढ्याने भागत नसेल, तर मिक्सरच्या मुख्य आउटपुटऐवजी ‘रेक आउट’ म्हणून जी आरसीए जोडणी असते, ती घ्यावी. तिची सामान्य पातळी ०.३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे मुख्य आउटपुटपेक्षा सुमारे १२ डेसिबल खाली असते. याशिवाय मिक्सरची तार जोडण्यापूर्वी रेकॉर्डरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (काही माइकना तारेतूनच दिली जाणारी वीज) बंद आहे ना, हे पाहावे.

मात्र केवळ मिक्सरवर विसंबून राहू नये. ज्याच्यासमोर माइक आहे तेवढेच मिक्सरमध्ये येते. महाराज, पेटी आणि पखवाज येतात. टाळांना कोणी माइक लावत नाही, कारण त्यांना त्याची गरजच नसते. अशा मुद्रणात गजर ऐकताना मोठ्या मंडपात पाचच माणसे असल्यासारखे वाटते.

नीरातीर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रजईचा प्रयोग करून पाहिला. यंत्र खरोखर शांत आहे, घरघर मंडपाचीच आहे. ऑडॅसिटीमध्ये माथे उणे ८ पाशी सुरीने कापल्यासारखे सपाट दिसले आणि मिक्सरवर हेडफोन लावल्यावर आवाज स्वच्छ होता, म्हणजे पॅडचाच प्रश्न दिसतो.

आता दोन उपप्रश्न. एक, यंत्रात लिमिटर (फार मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारी सोय) आहे, तो चालू ठेवला तर गजराची काळजी मिटेल का? दोन, हल्ली ३२ बिट फ्लोट मुद्रण करणारी यंत्रे मिळतात आणि त्यांना गेनची गरजच नसते असे सांगितले जाते. मंडळाकडे थोडे पैसे शिल्लक आहेत, तेव्हा तसे यंत्र घ्यावे काय?

रानपिंगळा

मी पक्ष्यांचे आवाज मुद्रित करतो, त्यामुळे माझी अडचण आपल्या नेमकी उलट असते, म्हणजे आवाज फार लहान आणि रान फार शांत. त्या अनुभवावरून श्रुतिधर यांच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. वर जागा सोडावी हे खरे, परंतु ती सरसकट सगळीकडे सोडू नये. लहान यंत्रांत गेन फारच खाली नेला, तर माइकच्या प्रवर्धकाऐवजी पुढच्या पायरीचा गोंगाट वरचढ होऊ लागतो आणि अगदी शांत ठिकाणी तो ऐकू येतो. मंडपात पंखे असल्यामुळे आपल्याला तो जाणवणार नाही. परंतु याच यंत्रावर उद्या एखाद्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या बंद खोलीत मुद्रित करायच्या असतील, तर तेथे उणे १८ चा हट्ट धरू नये, टोके उणे १० पर्यंत येऊ द्यावीत. आजी अचानक वीस टाळांचा गजर करणार नाहीत.

लिमिटरच्या बाबतीत मी सावध आहे. तो ज्या क्षणी काम करतो त्या क्षणी सगळाच आवाज खाली दाबतो, त्यामुळे गजरात टाळाच्या प्रत्येक ठोक्याला महाराजांचा आवाजही दबतो आणि पुन्हा वर येतो. एखाद्या अनपेक्षित ठोक्यासाठी तो चालू असायला हरकत नाही. परंतु तो सतत काम करत असेल, तर गेन जास्त आहे असे समजून नॉब खाली आणावा. ऑटो लेव्हल याहून वाईट असते. महाराज क्षणभर थांबले की ती पंख्याला वर उचलून आणते आणि त्यानंतरचा पहिला ठोका हमखास फाडते. आपण ती बंद ठेवली आहे, ते योग्यच आहे.

३२ बिट फ्लोटचे म्हणाल तर दावा बराचसा खरा आहे. २०१९ साली झूमच्या एफ६ मध्ये ही सोय आली, नंतर एफ३ मध्ये आली आणि २०२४ पासून याच कंपनीच्या ‘इसेन्शियल’ मालिकेतील स्वस्त यंत्रांतही आली. अशा यंत्रांत साधारणपणे एकाच आवाजासाठी दोन परिवर्तक (आवाज आकड्यांत उतरवणारे भाग) असतात, एक लहान आवाजांसाठी आणि एक मोठ्यांसाठी, आणि यंत्र क्षणोक्षणी दोहोंची सांगड घालते. फाइलच्या आकड्यांना व्यवहारात छत राहत नाही, त्यामुळे संगणकावर लाल दिसणारा गजर खाली ओढला की तो अखंड सापडतो. परंतु माइकचा पडदाच आवाजाने ओसंडला किंवा मिक्सरमधून फाटलेलाच आवाज आला, तर हे तंत्र काहीही वाचवू शकत नाही. आपली दुसरी अडचण नव्या यंत्रानेही आपोआप सुटली असती असे नाही. तेथेही मिक्सरची तार लावताना इनपुट ‘लाइन’ वर आहे की ‘माइक’ वर, हे पाहावेच लागते. मंडळाचे पैसे माझ्या हाती असते, तर मी ते नव्या यंत्रावर न घालता एक उंच, जड पायांचा स्टँड, माइकसाठी वाऱ्याचे केसाळ आवरण आणि बंद कपांचे चांगले हेडफोन यांवर घातले असते.

श्रुतिधर

ओव्यांबद्दलची पुरवणी मान्य. मी गजर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते.

नीरातीर, आता पॅड लावल्यावर एच५ वर वरचे दोन माइक आणि मिक्सरच्या दोन वाहिन्या असे चारही ट्रॅक एकाच वेळी वेगवेगळ्या फाइलींत घ्यावेत. म्हणजे निरूपणासाठी मिक्सर आणि गजरासाठी समोरचे माइक असे प्रमाण नंतर शांतपणे ठरवता येईल. मिक्सरच्या ट्रॅकला १२ डेसिबलची दुसरी फाइल मिळत नसल्यामुळे त्याची टोके उणे २० वरच ठेवावीत. कार्डावर मोकळी जागा आहे ना, हे पाहावे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांत दोन ट्रॅकना ताशी जवळपास एक गीगाबाइट लागते, चार ट्रॅकना दोन, आणि बॅकअप चालू असेल तर तीन. दोन तासांच्या कीर्तनाला सहा गीगाबाइट धरावेत. फाइल दोन गीगाबाइटला पोहोचली की यंत्र आपोआप पुढची फाइल सुरू करते, तेव्हा मुद्रण मध्येच तुटले असे समजून घाबरू नये.

चार ट्रॅक एकत्र करताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागेल. तारेतून आलेला आवाज तत्काळ पोहोचतो, हवेतून आलेला मात्र मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा. रेकॉर्डर महाराजांपासून तीन मीटरवर असेल तर हा फरक ९ मिलिसेकंदांच्या घरात जातो आणि दोन्ही ट्रॅक जसेच्या तसे मिसळले, तर महाराजांचा आवाज नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ लागतो. त्यावर उपाय असा की कीर्तन सुरू होण्यापूर्वी, रेकॉर्डर चालू करून, कोणाला तरी महाराजांच्या माइकजवळ एकदा जोरात टाळी वाजवायला सांगावी. ऑडॅसिटीमध्ये ती टाळी दोन्ही ट्रॅकवर अणकुचीदार रेघेसारखी दिसते. मिक्सरचा ट्रॅक तेवढाच पुढे सरकवून दोन्ही रेघा एकाखाली एक आणाव्यात. मात्र कर्ण्यांतून येणारा तोच आवाज समोरच्या माइकमध्ये आणखी उशिरा शिरलेला असतो आणि त्याला हा उपाय चालत नाही, म्हणून निरूपणाच्या वेळी समोरच्या माइकची पातळी मिक्सरपेक्षा निदान १० डेसिबल खाली ठेवावी आणि गजर उचलला की ती हळूहळू वर आणावी.

मांडवामागे

टाळी वाजवण्याआधी आमच्या माणसाला तेवढे सांगून ठेवा. महाराजांचा माइक कीर्तन उभे राहीपर्यंत आम्ही बंद ठेवतो, त्यामुळे न सांगता वाजवलेली टाळी समोरच्या माइकमध्ये येईल आणि मिक्सरच्या ट्रॅकवर काहीच दिसणार नाही.